‘वरून निम्मं उडवा’ म्हणतात, काय करू?

पत्र

ताई, मी वारज्यात राहतो, वय 28. बारावीनंतर मामाच्या हाताखाली झाडं छाटायचं काम धरलं. मामा तीस वर्षं हेच करतोय. अनवाणी चढतो, कमरेला कोयता. मला एका ट्रेकिंगवाल्या मित्राने दोराचं काम दाखवलं, मग मी बाहेर जाऊन नीट ट्रेनिंग घेतलं आणि आता हार्नेसवर, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांवर, काम करतो. कर्वेनगरच्या एका सोसायटीत मोठा रेन ट्री आहे. चेअरमन म्हणतात, पावसाळ्याआधी वरून निम्मं झाड उडवा, आम्हाला भीती वाटते. मजुरी कमी देणार, बदल्यात लाकूड मी न्यायचं. हे चूक आहे हे मला कळतं. पण मी नाही म्हटलं तर उद्या दुसरा येऊन उडवून जाईल. मामा म्हणतो, लाकूडच दोन टेम्पो निघेल, सोडू नको. आमच्यातली पोरं माझ्या हेल्मेटला हसतात. आई म्हणते, हे सोड आणि महापालिकेत माळी म्हणून चिकट. काय करू? आणखी एक, जुनं चेनसॉ मशीन (साखळीची करवत) मिळतंय, घेऊ का?
– दोरावरचा

उत्तर

नमस्कार.

काम घ्या, पण शेंडा उडवू नका. चेअरमनना दुसरं काम सुचवा आणि त्याचे पुरते पैसे मागा. नाहीच ऐकलं तर सोडून द्या. एवढं तुम्हाला माझ्याआधीच कळलेलं दिसतंय. तुमचं खरं अडलंय ते मामांच्या त्या दोन टेम्पोंपाशी, म्हणून आधी त्याबद्दल बोलू.

या धंद्याचा हिशेब बाहेरच्यांना ठाऊक नसतो, म्हणून इतर वाचकांसाठी थोडं सांगते. सोसायटीला झाडाची अडचण होते. कोणीतरी ओळखीतला ठेकेदार येतो, झाडाभोवती एक चक्कर मारतो आणि वर फारसं न बघता फांद्यांची जाडी डोळ्यांनी मोजतो. डोक्यात क्विंटल सुरू असतात. मजुरी तो इतकी कमी सांगतो की सेक्रेटरींना काम फुकटात झाल्यासारखं वाटतं. उरलेले पैसे वखारीतून, बेकरीतून, वीटभट्टीतून वसूल होतात. आता गंमत बघा. झाडाला जी छाटणी मानवते तिच्यातून निघतो पालापाचोळा आणि मनगटाएवढ्या डहाळ्या, ज्यांना वखारवाला हात लावत नाही आणि ज्या टाकायला टेम्पोचं भाडं आपल्याच खिशातून जातं. झाडाची वाट लावणाऱ्या छाटणीतून मात्र मांडीएवढे ओंडके पडतात, आणि त्यांना रोख भाव आहे. म्हणजे नीट काम करणारा तोट्यात आणि वाईट काम करणारा फायद्यात, अशी ही सगळी रचना आहे. न्हावी कापलेल्या केसांच्या वजनावर पैसे घेऊ लागला तर अर्ध्या पुण्याचं टक्कल व्हायला किती दिवस लागतील?

तुमच्या मामांना मी दोष देत नाही. तीस वर्षं त्यांना कोणी निगा राखायचे पैसे दिलेच नाहीत, लाकडाचे दिले. पण तुम्ही हार्नेस घेतलात, ट्रेनिंग घेतलंत, आणि कमाईची रीत मात्र मामांचीच ठेवलीत. म्हणून तुमची ओढाताण होते. मजुरी आणि लाकूड हे दोन हिशेब वेगळे करा. कोटेशनवर मजुरी पूर्ण लिहा: किती माणसं, किती दिवस, कोणत्या फांद्या, पाला उचलायचा टेम्पो, पेट्रोल, चेन, दोराची झीज, विम्याचा हिस्सा. लाकूड सोसायटीचं. ते त्यांना नको असेल तर काट्यावर वजन करून भावाप्रमाणे रक्कम बिलातून वजा करा आणि काट्याची पावती जोडा. मग कुठली फांदी ठेवायची आणि कुठली काढायची हे ठरवताना तुमच्या मनात वखार येणार नाही.

याने पहिला हंगाम बरीच कामं जातील. आकडा ऐकून लोक म्हणतील, मागच्या वेळी तर याच्या चौथाईत झालं होतं. त्यांना समजावत बसू नका, गिऱ्हाईक बदला. हिंजवडी-खराडीच्या मोठ्या कंपन्या, शाळा-कॉलेजांची आवारं, प्रभात रोड आणि भांडारकर रोडवरचे जे काही बंगले उरलेत ते. कंपन्यांच्या गेटवर सेफ्टी ऑफिसर बसलेला असतो. तो हेल्मेट, हार्नेस आणि विम्याचे कागद बघितल्याशिवाय आत सोडत नाही. आज ज्या हेल्मेटला पोरं हसतात ते तिथे प्रवेशपत्र आहे. पोरांबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

आता चेअरमन. त्यांची भीती खोटी मानू नका. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की पुण्यात दरवर्षी झाडं पडतात, गाड्या चेपतात, कधी माणसंही दगावतात. सोसायटीत झाड पडलं तर सगळे पहिल्यांदा चेअरमनकडेच बोट दाखवणार. तेव्हा ‘तुम्हाला झाडातलं कळत नाही’ या सुरात गेलात तर बोलणं तिथेच संपेल. त्यांना झाडाखाली घेऊन जा आणि विचारा, नक्की कशाची भीती वाटते? दहातल्या आठ वेळा उत्तर एकाच फांदीवर येतं: पार्किंगवर आलेली, नाहीतर कोणाच्या तरी गॅलरीला टेकलेली. निम्मं झाड उडवण्याची मागणी त्या एका फांदीपायी आलेली असते.

मग शेंडा उडवल्यावर काय होतं ते सांगा. रेन ट्री मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. छत्रीसारखा पसरतो, फांद्या लांब आणि आडव्या, सगळं वजन टोकाकडे. वरून निम्मा उडवला की त्याचं अन्न तयार करणारं पानच गेलं. साठवलेल्या पुंजीवर तो घाईघाईने धुमारे फोडतो, एकेका कापापाशी दहा-पंधरा. हे धुमारे सालीलगतच्या वरच्या थरातून फुटलेले असतात, त्यांची मुळं लाकडात खोल गेलेली नसतात. दोन-तीन वर्षांत ते हाताएवढे जाड होतात, आणि ज्या ओंडक्याला ते चिकटलेत तो आतून कुजायला लागलेला असतो. माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड कुजक्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि पुढे नवं लाकूड वाढवतं, एवढंच त्याच्या हातात असतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं, त्यालाही आता चाळीसेक वर्षं होऊन गेली. छोटा, योग्य जागी घेतलेला काप झाडाला भिंतीआड करता येतो. मांडीएवढा भलत्याच जागी घेतलेला काप येत नाही. म्हणजे आज भीतीपोटी शेंडा उडवला तर तीन-चार वर्षांनी त्याच पार्किंगवर आजच्यापेक्षा जास्त धोकादायक फांद्या लोंबत असतील आणि चेअरमन पुन्हा फोन करतील. मामांच्या वहीत असं एक तरी गिऱ्हाईक असेल, दर तीन वर्षांनी तेच झाड. चेअरमनना त्या झाडाकडेच घेऊन जा. तुमच्या शंभर शब्दांचं काम ते झाड करेल.

त्यांना सुचवायचं काम असं. वाळलेल्या फांद्या सगळ्या काढायच्या, त्याबद्दल वाद नाही. पार्किंगवरची फांदी बुडापासून न काढता टोकाकडून आखूड करायची, आणि काप अशा जोडफांदीपाशी घ्यायचा जी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाड असेल. म्हणजे पुढचा रस तिकडे वळतो आणि धुमाऱ्यांचं रान माजत नाही. एका वर्षात जिवंत पानोऱ्यातला पाव हिस्सा ही वरची मर्यादा, म्हाताऱ्या झाडाला त्याहून कमी. जी फांदी बुडातून काढावीच लागेल तिथे खोडापाशी सुजल्यासारखा जाडसर कडा दिसतो, तो शाबूत ठेवून त्याच्या बाहेरून काप. खोडाला सपाट घासून कापायची जी पद्धत इथे ‘सफाईदार’ मानतात ती झाडाला सगळ्यात महाग पडते. आणि तीन काप, हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंच असेल: आधी थोडं पुढे खालून, मग त्याच्याही पुढे वरून म्हणजे वजन पडून जातं, मग उरलेला खुंट कड्याबाहेरून. एकाच कापात वरून घातलं तर फांदी पडताना खोडाची साल फूटभर सोलून नेते.

कोणीतरी काकू विचारतीलच, कापावर डांबर लावणार का? नाही लावायचं. बोर्डो पेस्टही विचारतील, कारण गावी आंब्याला लावलेली त्यांनी पाहिली आहे: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. बागेत तिचा उपयोग आहे. इथे लावलीत तर झाडाचं काही बिघडणार नाही आणि काकूंचं समाधान होईल, पण चुकलेला काप तिने सुधारत नाही. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे ओढायची पुण्याची हौस तर निव्वळ शोभा आहे. चालू द्या.

पण हे सगळं फांद्यांचं झालं. चेअरमनना एक प्रश्न जरूर विचारा, जो ठेकेदार कधी विचारत नाही: गेल्या दोन-तीन वर्षांत या झाडाजवळ खोदलं होतं का? ड्रेनेज, गॅसची पाइपलाइन, केबल, नवे पेव्हर ब्लॉक? शहरात जी झाडं मुळासकट उलथतात त्यातल्या बऱ्याच झाडांची एका बाजूची मुळं आधीच कोणीतरी तोडलेली असतात, किंवा बुंध्याला खेटून सिमेंट ओतलेलं असतं. बुंध्याशी वाकून बघा. अळंब्या, कडक कंगोऱ्यांची बुरशी, खोडाचा एका बाजूला नवा कल, कलाच्या उलट बाजूची जमीन फुगलेली किंवा चिरलेली. यातलं काही दिसलं तर छाटणीचं कोटेशनच देऊ नका. महापालिकेच्या उद्यान विभागाकडून झाड तपासून घ्यायला सांगा, लेखी. आणि गाड्या तिथून लगेच हलवायला सांगा.

परवानगी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 चा आहे आणि त्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही तोडण्यातच धरलं जातं. तेव्हा ‘आम्ही तोडत नाही, नुसतं उडवतोय’ या बचावाला अर्थ नाही. अर्ज सोसायटीच्या नावाने वृक्ष अधिकाऱ्यांकडे जातो. मंजुरीचा कागद तुम्ही स्वतः वाचा, किती आणि काय छाटायला मंजुरी आहे ते बघा आणि त्याची झेरॉक्स साईटवर ठेवा. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. तुमचा रेन ट्री जुन्या कॉलनीतला असेल तर ते आधी विचारून घ्या. पुण्यात करवतीचा आवाज आला की दोन मिनिटांत समोरच्या गॅलरीतून ‘परवानगी आहे का हो?’ येतंच. मला हा आवाज फार आवडतो. तुमच्याकडे कागद असेल तर तुम्हालाही आवडेल.

छाटणीआधी घरटी बघा. रेन ट्रीवर बगळ्यांची, रातबगळ्यांची वसाहत असू शकते, आणि त्यांचा विणीचा काळ नेमका पावसाळ्याच्या तोंडावर येतो. अंडी-पिल्लं असलेलं घरटं पाडणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही आणि तुमच्या मनालाही बसणार नाही. आग्या मोहोळ असेल तर गोष्टच वेगळी. मशीनच्या आवाजाने आणि फांदीच्या हादऱ्याने ते उठतं, आणि दोरावर बांधलेल्या माणसाला पळायला जागा नसते. दुर्बिणीने सगळा पसारा बघून घ्या. मोहोळ दिसलं तर त्या दिवशी दोर टाकूच नका. मशाल लावून ते जाळणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पोळं न मारता हलवणारी माणसं पुण्यात आहेत.

एवढं होऊनही चेअरमन ‘ते काही नको, उडवा’ म्हणाले तर? नाही म्हणा आणि काय सुचवलं होतं ते एका पानावर लिहून, तारीख घालून, त्यांच्याकडे देऊन या. दुसरा येऊन उडवून जाईल का? जाईल. शक्यता चांगलीच आहे, मी खोटा धीर देत नाही. ते झाड कदाचित तुमच्या हातून वाचणार नाही. पण तुम्ही ते कापलं असतंत तर सोसायटीच्या बारा फोनमध्ये ‘झाड उडवायला याला बोलवा’ म्हणून तुमचा नंबर गेला असता आणि पुढची सगळी कामं तसलीच आली असती. परवानगी नसताना कोणी उडवत असेल तर उद्यान विभागाला कळवायचं का, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. मी कळवते. तुम्हाला त्याच गल्ल्यांमध्ये, त्याच लोकांबरोबर धंदा करायचाय, म्हणून तुमच्यावर ती सक्ती करणार नाही.

आता मामा. त्यांना हेल्मेट घाला म्हणून सांगत बसू नका. तीस वर्षं जो माणूस पडला नाही त्याला पडण्याची भीती घालून उपयोग नसतो. त्यांना दोराचं दुसरं काम दाखवा: बसल्या जागी दोन्ही हात मोकळे राहतात, आणि अनवाणी माणूस जिथे जाऊच शकत नाही त्या फांदीच्या टोकापर्यंत जाता येतं. चांगली छाटणी टोकालाच असते. मामा खोडापाशीच कापतात याचं निम्मं कारण लाकूड आणि निम्मं कारण हे, की टोकापर्यंत त्यांना पोचता येत नाही.

आणि त्यांच्याकडून घ्या. कोयत्याचा पाठचा भाग खोडावर आपटून पोकळ आवाज कुठे येतो ते त्यांना ऐकू येतं. शेवगा, पांगारा, गुलमोहर, बूच ही झाडं न सांगता मोडतात, चिंच आणि बाभूळ चिवट, हे त्यांच्या तळपायाला माहीत आहे. ट्रेनिंगच्या पुस्तकात आपली झाडं क्वचितच असतात, तेव्हा ही माहिती सोन्याची. मामांना खाली उभं करा, दोर त्यांच्या हातात द्या. छपरावरची फांदी दोराने बांधून बुंध्याला वेढे देत हळू उतरवणं हे वरच्या माणसापेक्षा खालच्या माणसाचं कसब आहे. कधी ढील द्यायची आणि कधी धरायचं हे चुकलं तर फांदी खिडकीत जाते, नाहीतर वरच्या माणसावर फिरते. हाका आधी ठरवून घ्या. ‘सोडतोय’ याला खालून ‘सोड’ आल्याशिवाय सोडायचं नाही. मशीनच्या आवाजात ऐकू येत नसेल तर शिट्टी. पडण्याच्या जागेत कोणी नाही, वॉचमनसुद्धा नाही, त्याचं कुत्रंसुद्धा नाही.

एक मात्र विसरू नका. आजवर मामांचा वाटा लाकडातून येत होता. तुम्ही लाकूड हिशेबातून काढलंत आणि त्यांना रोजाची ठरलेली, भरपूर रक्कम दिली नाहीत, तर ते तुमच्या पद्धतीला विरोध करतील आणि तो विरोध दोराला नसेल, पैशाला असेल. पहिल्या कोटेशनमध्ये त्यांचा रोज तुमच्याइतकाच धरा. ‘माझ्या साईटवर वर चढणारा प्रत्येक माणूस बांधलेला असणार’ ही अट मग तुम्हाला न भांडता घालता येईल.

सामानाबद्दल थोडं, कारण इथे चुका जिवावर बेततात. बांधकामावर मिळतो तो पाठीला हूक असलेला बेल्ट झाडासाठी नाही. तो पडणाऱ्याला अडकवतो, पण त्यात बसून काम करता येत नाही. झाडाला बसायचा हार्नेस लागतो, पुढून जोडायचा. मित्राचा ट्रेकिंगचा दोरही नको. चढाईचा दोर झटका सोसायला मुद्दाम ताणणारा असतो. झाडावर कमी ताणणारा हवा, नाहीतर प्रत्येक हालचालीला तुम्ही वरखाली झुलाल. मशीन चालू असताना दोन ठिकाणी बांधलेलं असायचं, मुख्य दोर आणि कमरेचा आखूड दोर, आणि हा दुसरा आतून तारेचा असला तर उत्तम. एका हाताने मशीन चालवायचं नाही. पायाला खिळे बांधून जिवंत झाडावर चढायचं नाही, प्रत्येक खिळा एक जखम करतो. ते फक्त तोडायच्या झाडासाठी. पायाला चेनसॉची पँट वापरा. तिच्या आतले धागे चेनमध्ये गुंततात आणि ती थांबते.

दुसरा संच साईटवर ठेवा आणि तो घालून वर येऊ शकेल असा दुसरा माणूसही. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाकडे फार वेळ नसतो. 108 ची गाडी येईल, पण ती झाडावर चढणार नाही. तुमच्या पोरांपैकी जो सर्वात जास्त हसतो त्यालाच हे शिकवा.

विजेच्या तारेचं मी एकदाच सांगते. महावितरणने लाइन बंद केली, तुमच्यासमोर खात्री करून दिली आणि मगच दोर टाकला, एवढंच चालतं. ‘बांबूने ढकलतो’, ‘नुसती सर्व्हिस वायर आहे’, ‘सकाळी लाइट नसते इकडे’ यातलं काहीही चालत नाही. ओलं लाकूड वीज वाहून नेतं.

विमा: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत 18 ते 70 वयाच्या खातेदाराला वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघाती संरक्षण आहे. तुम्ही, मामा, खालचे सगळे, या आठवड्यात बँकेत जाऊन फॉर्म भरा. पण ते पुरेसं नाही. कामगार भरपाईची पॉलिसी आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची पॉलिसी एजंटकडून समजून घ्या. त्याला ‘उंचीवर काम’ आणि ‘चेनसॉ’ हे दोन्ही स्पष्ट सांगा आणि पॉलिसीवर लिहून आलंय ना ते बघा. नाहीतर ‘बागकाम’ लिहून मोकळा होईल.

आईचं म्हणणं काळजीतून आलंय, त्यांना उडवून लावू नका. जागा निघाली तर अर्ज करा, त्यात काही गमावत नाही. तोवर शिकत राहा. आंतरराष्ट्रीय आर्बोरिकल्चर सोसायटीची आर्बोरिस्टची, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या तज्ज्ञाची, परीक्षा आहे. तीन वर्षांचा पूर्ण वेळ अनुभव लागतो, 200 बहुपर्यायी प्रश्न असतात. अनुभव तुमच्याकडे आहे, मामांच्या वहीवरून आणि गिऱ्हाइकांच्या पत्रांवरून त्याचे पुरावे आत्तापासून गोळा करा. इंग्रजी अडेल, पण झाडाचं इंग्रजी ठरावीक शब्दांचं असतं. आणि रविवारी मोकळे असाल तर विद्यापीठ रस्त्याच्या बाजूच्या गणेशखिंड उद्यानात जा. ते 1873 चं आहे, 2020 साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे किंवा कॅम्पातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये जुनी, फारशी न छाटलेली झाडं बघा. पुण्याच्या रस्त्यांवर आपण इतकी बोडकी झाडं बघतो की झाडाचा मूळ आकार कसा असतो हेच डोळ्याला आठवत नाही, आणि आकार माहीत नसेल तर काय काढायचं ते ठरवता येत नाही.

राहिलं मशीन. जुनं घ्यायला हरकत नाही, पण विकणाऱ्याने गरम करून ठेवलेलं मशीन बघू नका. थंड मशीन तुमच्या हाताने सुरू करा. चेन ब्रेक पुढे ढकलल्यावर चेन जागीच थांबली पाहिजे. ट्रिगर सोडल्यावर चेन रेंगाळत फिरत असेल तर किंमत पाडा किंवा सोडा. बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, उलटा करून बघा, एका बाजूने झिजलाय का. चेनला जळकं ऑइल घालायची सवय त्या माणसाला होती का तेही कळेल, पंप काळ्या गाळाने भरलेला असतो. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घालायचं ते कंपनीच्या पुस्तकात बघा, मेस्त्रीच्या अंदाजाने नको. घरी आणल्यावर गोल कानस घेऊन रोज चेनला धार करा. ढलप्या पडल्या तर धार आहे, पिठासारखा भुसा पडला तर तुम्ही मशीनला आणि खांद्यांना उगाच दामटताय. दोर, हार्नेस आणि हेल्मेट मात्र जुनं अजिबात घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. त्यांनी आधी काय सोसलंय ते बाहेरून दिसत नाही. आणि मशीन बघायला जाताना मामांना सोबत न्या, भाव तेच बरोबर करतील.